प्रत्यारोपणानंतरचा खोकला: खानदेशातल्या रुग्णांसाठी, घरच्यांसाठी आणि गावच्या डॉक्टरांसाठी

किडनी बदलून वर्ष झालेलं असतं. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) १.२ वर टेकलेलं, पेशंट सकाळी शेतावर चक्कर मारायला लागलेला. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत कोरडा खोकला लागतो. संध्याकाळी अंग कोमट वाटतं, थर्मामीटर ९९.६ दाखवतं. गावात एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या होतात, बरं वाटतं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा इंजेक्शन. पंधरा दिवसांनी जिना चढताना दम लागतो, तेव्हा एक्स-रे काढतात आणि दोन्ही फुप्फुसं पांढुरकी दिसतात.

हा लेख त्या पंधरा दिवसांबद्दल आहे. त्यात किडनी आणि यकृत बदललेले रुग्ण धरले आहेत. फुप्फुसच बदललेलं असेल तर नियम याहून कडक असतात आणि ते त्या प्रत्यारोपण केंद्राकडूनच घ्यावे लागतात.

ताप का चढत नाही

ताप, कफ, छातीत घरघर, एक्स-रेवरचा डाग ही सगळी जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशींची कामं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधं त्याच पेशींना आवरून धरतात, म्हणून तर नवीन किडनी टिकते. त्याची किंमत अशी, की जंतू वाढत असतात आणि शरीर गप्प असतं. ९९.६ ताप या माणसात १०२ च्या तोलाचा असू शकतो. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून फुप्फुस स्वच्छ, असंही धरता येत नाही.

शस्त्रक्रियेला किती महिने झाले यावर संशयाची दिशा ठरते. पहिल्या महिन्यात हॉस्पिटलमधले जंतू, व्हेंटिलेटरनंतरचा न्यूमोनिया. १ ते ६ महिन्यांत न्यूमोसिस्टिस, सीएमव्ही, अ‍ॅस्परजिलस, नोकार्डिया, म्हणजे धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा न जाणारी मंडळी: सीएमव्ही हा व्हायरस, नोकार्डिया हा जीवाणू, बाकी दोन बुरशी. ६ महिन्यांनंतर बहुतेक वेळा गावात सगळ्यांना होतो तोच न्यूमोनिया किंवा फ्लू, फक्त जोरात. टीबी मात्र आपल्याकडे कोणत्याही महिन्यात उगवतो. आणि एक गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही: मधे कधी रिजेक्शन झालं (शरीराने नवा अवयव नाकारला) आणि मोठ्या मात्रेत स्टेरॉइड किंवा एटीजी (प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं इंजेक्शन) दिलं गेलं, की हे घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तीन वर्षांचा जुना पेशंट त्या दिवसापासून पहिल्या सहा महिन्यांतला पेशंट होतो.

पहिले चोवीस तास

घरात डिजिटल थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन हवंच. खोकला, दम, ताप किंवा नुसती 'आज मजा नाही' अशी तक्रार आली की पुढच्या क्रमाने जा.

१. ताप आधी मोजा, पॅरासिटामॉल मागाहून. गोळी आधी गेली तर तो आकडा कायमचा हुकला. १००.४ फॅरनहाइट एकदा जरी आला तरी त्याच दिवशी केंद्राला फोन करायचा. खोकला किंवा दम असेल तर ९९ लासुद्धा करायचा.

२. ऑक्सिजन बसून मोजा. बोटाला नेलपॉलिश नको, हात गार नको. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या.

३. बसून ९५ किंवा वर असेल तरच पुढची चाचणी. हात नसलेल्या खुर्चीवरून एक मिनिट उठबस करायला सांगा, जमेल त्या वेगाने. लगेच पुन्हा मोजा. ९७ चा ९२ झाला, म्हणजे ४ किंवा त्याहून जास्त उतरला, तर फुप्फुसात काहीतरी चाललंय असं समजा. न्यूमोसिस्टिस हा आजार अनेकदा इथेच पहिल्यांदा पकडला जातो. छाती नळीने ऐकली तर वेगळा आवाज काही नाही, एक्स-रे जेमतेम, आणि दहा पावलं चालताच ऑक्सिजन खाली.

४. केंद्राला मेसेज पाठवा. 'पेशंटला बरं नाही, फोन करा' एवढ्याने तिकडच्या डॉक्टरला काही ठरवता येत नाही. असा लिहा:

'किडनी ट्रान्सप्लांट, १४ महिने, दाता आई. कोरडा खोकला ४ दिवस, ताप १००.२ संध्याकाळी. ऑक्सिजन बसून ९६, उठबस केल्यावर ९१. बीपी ११०/७०, लघवी नेहमीइतकी. टॅक्रोलिमस सकाळी १.५, रात्री १; मायकोफेनोलेट ५०० दोनदा; प्रेडनिसोलोन ५. शेवटची टॅक्रो लेव्हल ६.१, क्रिएटिनिन १.३, तीन आठवड्यांपूर्वी. को-ट्रायमोक्साझोल दोन महिन्यांपूर्वी बंद. गावात अजून काही घेतलेलं नाही.'

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. घेतलं असेल तर त्या पाकिटाचा फोटो जोडा.

५. ऑक्सिजन ९४ च्या खाली, श्वास मिनिटाला २५ च्या वर, बीपी नेहमीपेक्षा बरंच खाली, लघवी घटलेली किंवा माणूस बरळतोय, यातलं एक जरी असेल तर मुंबई-पुण्याचा विचार नंतर. आधी १०८ लावा आणि जळगाव, धुळे, नंदुरबार जिथे जवळ पडेल तिथल्या ऑक्सिजन असलेल्या रुग्णालयात पोचा. रात्रीच्या गाडीने तसंच मुंबईला निघणं हा खानदेशात वारंवार होणारा घोटाळा आहे. सात-आठ तासांच्या प्रवासात ९२ चा ८४ होतो आणि डब्यात करण्यासारखं काही उरत नाही.

रिजेक्शन टाळणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका. गंभीर संसर्गात केंद्र बहुधा मायकोफेनोलेट कमी करतं किंवा काही दिवस थांबवतं, पण तो निर्णय त्यांचा. प्रेडनिसोलोन तर एकदम कधीच बंद करायचं नाही. वर्षभर बाहेरून स्टेरॉइड मिळालेल्या शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते आणि बीपी कोसळतं.

गावातलं 'कोर्स' प्रकरण

गावचे डॉक्टर वाईट हेतूने काही देत नाहीत. नेहमीच्या माणसाला चालतं तेच ते देतात. इथे प्रत्येक औषधाचा हिशोब वेगळा असतो.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या वेदनाशामकांनी आधीच टॅक्रोलिमसने आकसलेल्या किडनीच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. क्रिएटिनिन दोन दिवसांत उडी मारतं. अमिकासिन आणि जेंटामायसिनही किडनीवरच जातात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यकृतातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम अडवतात, त्यामुळे त्याची रक्तातली लेव्हल दुप्पट-तिप्पट होऊ शकते. हात थरथरतात, साखर वाढते, किडनी बिघडते. त्याच कुटुंबातलं अझिथ्रोमायसिन ही गडबड फारशी करत नाही. डेक्सामिथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन ताप उतरवतं आणि जंतूंना मोकळं रान देतं. 'इंजेक्शनने लगेच बरं वाटलं' यामागे बहुतेकदा हेच असतं.

लिव्होफ्लॉक्सासिनचा धोका सगळ्यात फसवा. ते टीबीच्या जंतूवरही अर्धवट चालतं. आठवडाभर दिलं की खोकला कमी होतो, थुंकीतले जंतू घटतात, तपासणी निगेटिव्ह येते आणि टीबीचं निदान काही आठवडे पुढे ढकललं जातं. टीबीची शंका असलेल्या माणसाची थुंकी आधी पाठवा, मग हे औषध.

गुळवेल, अश्वगंधा आणि 'इम्युनिटी वाढवणारे' काढे या रुग्णाला नकोत. इथे मुद्दाम खाली आणलेली गोष्ट वर चढवायची नसते. पपनस टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवतं, तेही टाळा. जुलाब लागले तरी लेव्हल वाढते, हे पुष्कळांना उलटं वाटतं. औषध वाहून जात असेल असा त्यांचा समज असतो. म्हणून जुलाब दोन दिवसांच्या वर गेले की लेव्हल करायचीच.

आधी नमुना, मग औषध

हा भाग मुख्यतः तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांसाठी.

दाखल होताच ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या दोन वेगळ्या जागांहून भरा. पाच मिनिटांचं काम आहे. पेशंट शॉकमध्ये असेल तर त्यानंतर अँटिबायोटिक लगेच सुरू करा, अहवालाची वाट बघू नका. 'आधी नमुना' याचा अर्थ औषध रोखून धरा असा नाही. सोबत सीबीसी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, एलडीएच, साखर आणि टॅक्रोलिमस लेव्हल. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी काढतात. गोळी घेऊन आलेल्याचं काढलं तर आकडा फुगलेला येतो आणि त्यावर डोस कमी केला जातो. ही चूक इतकी नेहमीची आहे की रक्त काढण्याआधी 'आज गोळी घेतली का?' हे विचारलंच पाहिजे.

एक्स-रे निष्पाप असला तरी एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) त्याच दिवशी करा. त्याला कॉन्ट्रास्ट लागत नाही, किडनीला धोका नाही. दोन्हीकडे काचेवर धुकं धरल्यासारखी छटा असेल तर न्यूमोसिस्टिस, सीएमव्ही किंवा इतर व्हायरस. गाठी आणि त्याभोवती धूसर कडं असेल तर अ‍ॅस्परजिलस. उलटं, म्हणजे मध्ये धूसर आणि कडेला घट्ट वळं दिसलं तर म्युकर ही बुरशी, विशेषतः साखर बेफाम असेल तर. गाठीत पोकळी झाली असेल तर नोकार्डिया, टीबी, बुरशी. यातल्या कुठल्याही चित्रावर शिक्का मारता येत नाही. एकाच फुप्फुसात दोन जंतू निघणं या रुग्णांत नवं नाही.

थुंकी सकाळची, साध्या पाण्याने चूळ भरून, खोलवर खोकून काढलेली, २ ते ५ मिली. फेसाळ लाळ परत पाठवा. कोरडा खोकला असेल तर ३ टक्के सलाइनची वाफ देऊन काढता येते. बहुतेक वेळा खरं उत्तर ब्राँकोस्कोपीतल्या धुवणीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात मिळतं. ती करण्याआधी सहा तास उपाशी राहावं लागतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावी लागते.

धुवणीवर काय काय करायचं ते लॅबच्या चिठ्ठीवर नाव घेऊन लिहा: जंतूंचं कल्चर, बुरशीचं कल्चर, सीबीनॅट (टीबीची जलद तपासणी), न्यूमोसिस्टिससाठी डाग किंवा पीसीआर, गॅलॅक्टोमॅनन (बुरशीची खूण), आणि 'नोकार्डिया शंका'. शेवटचे दोन शब्द नसतील तर लॅब नेहमीप्रमाणे ४८ तासांनी प्लेट फेकून देते. नोकार्डिया सावकाश उगवतो, त्याला दोन-तीन आठवडे ठेवावं लागतं. फुप्फुसाचा तुकडा काढला असेल तर त्याचे दोन भाग करा. एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. सगळा फॉर्मेलिनमध्ये बुडवला की जंतू मेले आणि कल्चरही गेलं. नमुना बाहेरगावी जाणार असेल तर २ ते ८ अंशांत, बर्फाच्या पेटीतून. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात एसटीच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीत काहीच उगवत नाही.

टीबी: निदानापेक्षा औषधाची गुंतागुंत मोठी

जिल्हा क्षयरोग केंद्रात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मोफत होते, औषधंही मोफत मिळतात. ती जरूर घ्या. अडचण पुढे येते. सरकारी गोळ्यांच्या पट्टीत रिफाम्पिसिन असतं. ते यकृतातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम इतकं वाढवतं की आठवडा-दोन आठवड्यांत लेव्हल जमिनीला टेकते. मग टीबी बरा होत असतो आणि किडनी रिजेक्ट होत असते.

म्हणून पट्टी सुरू करायच्या आधी प्रत्यारोपण केंद्राशी बोलणं व्हायलाच हवं. मार्ग दोन. एक, रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन, जे एन्झाइमला कमी चाळवतं. दोन, रिफाम्पिसिन ठेवून टॅक्रोलिमस वाढवत नेणं, बहुधा तीन ते पाच पट, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनदा लेव्हल. दुसरा मार्ग स्वस्त वाटतो, पण वाढीव टॅक्रोलिमसचा आणि लेव्हलचा खर्च धरला तर नेहमीच तसा राहत नाही. जिथे लेव्हल वेळेवर होत नाही त्या गावच्या रुग्णाला पहिला मार्ग बरा.

घरात दोन आठवड्यांच्या वर खोकणारं कुणी असेल, मग ती आजी का असेना, तिची थुंकी तपासल्याशिवाय पेशंटने त्याच खोलीत झोपू नये. शक्य असेल तर हे काम शस्त्रक्रियेआधीच उरकावं.

शेत, गोठा, कूलर

पहिले सहा महिने शेतात काम नाहीच, वर्षभर जमलं तर उत्तम. त्यानंतरही काही कामं कायमची दुसऱ्यावर सोपवायची.

बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात आणि रुमाल किंवा स्कार्फ त्यांना दिसतही नाही. मळणीयंत्राजवळ दादर (रब्बी ज्वारी) किंवा मका काढताना, कडबा-कुट्टी करताना, पावसात भिजलेला भुसा उपसताना, शेणखताचा ढीग पलटताना हवेत हे ढगाने असतात. केळीच्या बागेत कापून टाकलेल्या खांबांचा कुजलेला ढीग हलवणंही त्यातच आलं. रावेर-यावलकडे हे रोजचं काम असल्यामुळे कुणाला त्यात धोका वाटत नाही. जिनिंगमध्ये आणि सरकीच्या गोदामात जाऊ नका. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवरचा ठसका जंतू देत नाही, पण श्वासनलिका सोलून काढतो आणि खोकला जंतूंचा की मिरचीचा हे कळेनासं होतं.

जावंच लागलं तर एन-९५. दोन्ही पट्ट्या डोक्यामागून, नाकावरची तार दाबून, कडेने हवा निसटत नाही ना ते बघून. दाढी असेल तर तो बसतच नाही. ओला झाला की टाका. धुऊन पुन्हा वापरलेला एन-९५ म्हणजे नुसतं फडकं.

मातीत नोकार्डिया असतो, आणि ओल्या मातीत स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत असतो, जो तळपायातून शिरतो. एरवी तो वर्षानुवर्षं आतड्यात निमूट पडून राहतो. स्टेरॉइड सुरू झालं की हजारोंनी वाढून फुप्फुसात चढतो आणि आतड्यातले जंतू रक्तात ओढून नेतो. अनवाणी चालायचं नाही. निंदणी-खुरपणीला बूट आणि हातमोजे. शस्त्रक्रियेच्या यादीत नाव असलेल्या शेतकऱ्याने याची तपासणी आणि लागल्यास आयव्हरमेक्टिन आधीच मागून घ्यावं.

जनावरं विकायची गरज नाही. गोठा झाडणं, शेण उचलणं दुसऱ्याने करायचं. कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, त्यात क्रिप्टोकॉकस असतो. आधी पाण्याने भिजवा, आणि तेही पेशंटने नव्हे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायची कितीही हौस असली तरी टाळा. घोड्यांच्या लिदेत आणि त्या मातीत ऱ्होडोकॉकस नावाचा जंतू राहतो, तो फुप्फुसात टीबीसारखीच पोकळी करतो आणि टीबी समजून महिनोन्‌महिने चुकीची औषधं चालतात. दुर्मीळ आहे, पण डॉक्टरांना घोड्यांचा संबंध सांगितला तर निदान लवकर होतं.

कूलरशिवाय आपल्याकडचा मे निघत नाही, आणि निघू नये; ४५ अंशांत पाणी आटून क्रिएटिनिन वाढणं हीही खरी भीती आहे. मौसमाच्या सुरुवातीला गवताच्या जाळ्या नव्या टाका, टाकी घासून कोरडी करा, पाणी रोज बदला. वर्षभर बंद असलेला कूलर पहिल्यांदा चालवताना पेशंट घराबाहेर असू द्या, अर्धा तास तरी. ओलसर वास येत असेल तर जाळी काळी पडली आहे. घराचं प्लास्टर फोडणं, जुनी भिंत पाडणं चालू असेल तेव्हाही मुक्काम दुसरीकडे.

कानबाईच्या रोटांना सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. पेशंट बसू शकतो, पण हवेशीर ओसरीवर आणि मास्क लावून. ज्या पोराला सर्दी-ताप आहे त्याला त्या दिवशी मांडीवर घ्यायचं नाही.

लसी आणि को-ट्रायमोक्साझोल

फ्लूची निष्क्रिय लस दरवर्षी, शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरानेही चालते. न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) लस केंद्राच्या वेळापत्रकाने. तिचे दोन प्रकार आहेत: पीसीव्ही-१३ घेतली असेल तर किमान ८ आठवड्यांनी पीपीएसव्ही-२३. जिवंत लसी पेशंटला नाहीत: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, नाकात फवारायची फ्लूची, बीसीजी. घरातल्या बाळाला तोंडावाटे पोलिओचे थेंब दिले असतील तर काही आठवडे त्याची शी-शू पेशंटने काढायची नाही. बाळाला इंजेक्शनची पोलिओ लस मिळू शकते का, हे आधीच विचारा.

को-ट्रायमोक्साझोलची रोजची एक छोटी गोळी (८०/४००) न्यूमोसिस्टिसला जवळजवळ पूर्ण अडवते, आणि नोकार्डियालाही बऱ्यापैकी. साधारण ६ ते १२ महिने देतात, रिजेक्शनच्या उपचारानंतर पुन्हा. पोटॅशियम वाढलं, पांढऱ्या पेशी घटल्या किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी निघाली की ती बंद होते, आणि पर्याय द्यायचा राहून जातो. पर्याय आहेत. डॅप्सोन द्यायचं तर आधी जी-सिक्स-पीडी तपासणी लागते, नाहीतर रक्तपेशी फुटतात. सीएमव्हीसाठीचं व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ३ किंवा ६ महिन्यांनी थांबतं, आणि आजार बहुधा थांबवल्यानंतरच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो: बारीक ताप, जुलाब, घटलेल्या पांढऱ्या पेशी, कोरडा खोकला.

उपचार चालू असताना आणि थांबताना

मुदती लांब असतात, हे आधीच कळलेलं बरं. न्यूमोसिस्टिसला २१ दिवस मोठ्या मात्रेत को-ट्रायमोक्साझोल, ऑक्सिजन घसरला असेल तर वर स्टेरॉइड. अ‍ॅस्परजिलसला व्होरिकोनाझोल किमान ६ ते १२ आठवडे. नोकार्डियाला ६ ते १२ महिने, आणि डोकं दुखत नसलं तरी मेंदूचा एमआरआय, कारण हा जंतू तिथे गुपचूप बसतो. म्युकरला लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम, आणि जमेल तिथे शस्त्रक्रिया. बरं वाटू लागल्यावरही सीटीवरचे डाग आठवडे टिकतात. डाग दिसतो म्हणून औषध बदलू नका, आणि खोकला गेला म्हणून थांबवूही नका.

व्होरिकोनाझोलही टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणून ते सुरू करताना टॅक्रोलिमस सहसा एक तृतीयांशावर आणतात. सगळं लक्ष सुरुवातीकडे असतं, आणि शेवट निसटतो. व्होरिकोनाझोल थांबलं की ती एक तृतीयांश मात्रा अपुरी पडते, लेव्हल घसरते. रिफाम्पिसिन थांबलं की उलट: वाढवून ठेवलेली मात्रा दोन आठवड्यांत विषासारखी होते. म्हणून औषध संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा, तिच्या आदल्या आठवड्यात केंद्राला फोन करून टॅक्रोलिमसचा नवा डोस लिहून घ्या, आणि शेवटच्या गोळीनंतर पाचव्या-सातव्या दिवशी सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जा.